रिपोर्ट सुधारला, माणूस सुधारला का?

निदान (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात एका रुग्णाने विचारलं, "डॉक्टर, माझं चांगलं कोलेस्ट्रॉल ३२ आलंय. रिपोर्टात ठळक अक्षरात छापलंय. ते वाढवायची गोळी का देत नाही तुम्ही?" प्रश्न रास्त होता. मी दहा मिनिटं बोलले, पण दाराबाहेर इतर रुग्ण ताटकळले होते आणि उत्तर अर्ध्यावरच सुटलं. ते इथे पूर्ण करते. हृदयरोगाच्या ट्रायल्समध्ये, म्हणजे रुग्णांवर औषधांची परीक्षा घेणाऱ्या अभ्यासांमध्ये, माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे उदाहरणं त्याच बाजूची जास्त येतील.

आधी 'रिस्क फॅक्टर' या शब्दाबद्दल. अमेरिकेतल्या फ्रामिंगहॅम गावात १९४८ साली एक अभ्यास सुरू झाला. ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंदणी केली, दर दोन वर्षांनी त्यांची तपासणी केली आणि कोणाला हृदयविकार होतो ते पाहत राहिले. रक्तदाब, कोलेस्ट्रॉल आणि धूम्रपान यांची हृदयविकाराशी असलेली गाठ त्यातून स्पष्ट झाली. १९६१ च्या एका शोधनिबंधानंतर 'रिस्क फॅक्टर' ही कल्पना डॉक्टरांच्या रोजच्या बोलण्यात रुळली. त्याआधी वाढत्या वयात रक्तदाब वाढायचाच, असं मानणारे डॉक्टर कमी नव्हते. या अभ्यासाचे उपकार मोठे आहेत.

पण या शब्दाच्या पोटात तीन निरनिराळे प्रश्न दडलेले असतात. ही गोष्ट रोग होणाऱ्यांमध्ये जास्त आढळते का? ती रोग घडवते का? आणि औषधाने ती बदलली तर रोग टळतो का? पहिल्याचं उत्तर 'हो' आलं की उरलेल्या दोघांचंही तेच असणार, असं आपण धरून चालतो. डॉक्टरही धरून चालतात.

याची किंमत किती मोठी असू शकते ते कास्ट नावाच्या ट्रायलमध्ये दिसलं. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांच्या इसीजीत अधूनमधून जादा ठोके दिसतात. ज्यांना असे ठोके जास्त, त्यांच्यात अचानक मृत्यूही जास्त. हे निरीक्षण खरं होतं आणि आजही खरं आहे. हे ठोके दाबणारी औषधं बाजारात होती, एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड. ठोके धोक्याचे, औषध ठोके दाबतं, मग औषध जीव वाचवणारच. हा तर्क इतका सरळ होता की रुग्णांना प्लासिबोवर, म्हणजे औषध नसलेल्या पण तशाच दिसणाऱ्या गोळीवर, ठेवणंच काही डॉक्टरांना अन्यायाचं वाटत होतं.

ट्रायलमध्ये आधी औषध देऊन पाहिलं आणि ज्यांचे जादा ठोके खरोखर दबले त्यांनाच पुढे घेतलं. म्हणजे औषध 'लागू पडलेले' लोक. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले, औषधावर ७५५ जण आणि प्लासिबोवर ७४३. सरासरी दहा महिन्यांत प्लासिबोच्या गटात २६ मृत्यू झाले, औषधाच्या गटात ६३. १९८९ मध्ये या दोन औषधांची ट्रायल थांबवली. साधारण २१ जणांना दहा महिने औषध दिलं की एक जादा मृत्यू, असा तो हिशोब होतो.

असं का झालं? अटॅकनंतर हृदयाच्या स्नायूत व्रण राहतो. व्रणाच्या कडेच्या पेशींमधून विजेची लहर आधीच सावकाश जाते. ही औषधं पेशींमधल्या सोडियमच्या वाटा अडवून तिला आणखी मंद करतात. त्यामुळे सुटा जादा ठोका दबतो. पण मंदावलेली लहर व्रणाला वळसा घालून परत येते तोवर मागचा स्नायू पुन्हा उत्तेजित व्हायला तयार झालेला असतो. लहर गोल गोल फिरू लागते, आणि हीच ती जीवघेणी लय. इसीजीच्या पट्टीवर सुधारणा दिसत होती आणि ती घडवणारा गुणधर्मच घात करत होता. (ज्यांच्या हृदयाला असा व्रण नाही अशा काही रुग्णांत फ्लेकेनाइड आजही उपयोगी पडतं. ते घेत असाल तर हे वाचून परस्पर बंद करू नका.)

आता एचडीएल, म्हणजे तेच 'चांगलं' कोलेस्ट्रॉल. कमी एचडीएल असलेल्यांना हृदयविकार जास्त होतो, हेही खरं निरीक्षण. टॉर्सेट्रापिब नावाचं औषध आलं आणि १५,०६७ जणांवरच्या ट्रायलमध्ये त्याने एचडीएल ७२ टक्क्यांनी वाढवलं, शिवाय एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्ट्रॉल, २५ टक्क्यांनी उतरवलं. कागदावर याहून देखणा रिपोर्ट मिळणं कठीण. डिसेंबर २००६ मध्ये ती ट्रायल थांबवावी लागली, कारण औषधाच्या गटात मृत्यू जास्त होत होते. अंतिम मोजणीत औषधाच्या गटात ९३ आणि दुसऱ्या गटात ५९ मृत्यू निघाले. औषधाने रक्तदाब आणि आल्डोस्टेरॉन (शरीरात मीठ धरून ठेवणारं हार्मोन) हेही वाढवलं होतं.

त्या रुग्णाला मी एवढंच सांगू शकले की तुमचं कमी एचडीएल ही खूण आहे, तिच्याकडे मी लक्ष देते आहे. पण ती खूण पुसायची गोळी देऊन तुमचं भलं होतं असा पुरावा माझ्याकडे नाही. तुमचं धूम्रपान आणि एलडीएल यांच्याबाबतीत मात्र तसा पुरावा आहे.

तुमचे प्रश्न, शंका, हरकती येऊ द्या.

चौकस

धागा आवडला. पण मग प्रश्न येतोच. एचडीएलचं असं झालं तर एलडीएल तरी कशावरून खरं? माझ्या ओळखीत स्टॅटिन, म्हणजे एलडीएल उतरवणारी गोळी, घेणारे कितीतरी आहेत. कोलेस्ट्रॉलची सगळी गोष्टच फोल असं म्हणणारे व्हिडिओ रोज येतात, आणि तुमची उदाहरणं वाचून मला ते आता जास्त खरे वाटू लागलेत.

निदान

चौकस, हरकत बरोबर जागी घेतलीत. एका आकड्याने दगा दिला म्हणून सगळे आकडे खोटे ठरत नाहीत. प्रत्येकाची परीक्षा वेगळी घ्यावी लागते. एलडीएलची परीक्षा निसर्गानेच घेऊन ठेवली आहे.

आई-वडिलांकडून कोणतं जनुक यायचं ही एक सोडत असते. तुम्ही व्यायाम करता का, शिकलेले आहात का, यांच्याशी तिचा काही संबंध नसतो. म्हणून जनुकामुळे जन्मापासून एखादी पातळी कमी किंवा जास्त असलेले लोक शोधायचे आणि त्यांना रोग कमी होतो की जास्त ते पाहायचं. ती जणू जन्मासोबत सुरू झालेली ट्रायलच.

पीसीएसके९ नावाचं प्रथिन यकृताच्या पेशींवरचे एलडीएल पकडणारे हात मोडीत काढतं. २००३ मध्ये काही फ्रेंच कुटुंबांत हे प्रथिन अतिउत्साही असल्याचं कळलं. त्यांचं एलडीएल अफाट होतं आणि हृदयविकार तरुण वयातच यायचा. मग उलट बाजूचे लोक सापडले. २००६ च्या अमेरिकी अभ्यासात ज्या कृष्णवर्णीय लोकांत हे जनुक निकामी होतं, त्यांचं एलडीएल २८ टक्क्यांनी कमी होतं आणि हृदयविकार ८८ टक्क्यांनी. जनुक एका दिशेने बिघडलं तर रोग वाढतो, दुसऱ्या दिशेने बिघडलं तर घटतो. त्यात स्टॅटिनच्या मोठमोठ्या ट्रायल्सची भर घाला. एलडीएल तिन्ही प्रश्नांत उत्तीर्ण होतं.

एचडीएलची हीच परीक्षा २०१२ मध्ये झाली. एका जनुकीय बदलामुळे जन्मभर एचडीएल जास्त असलेल्या लोकांत हार्ट अटॅक कमी असायला हवे होते. तसे ते नव्हते.

गणिती

संख्याशास्त्र हे माझं काम, म्हणून दोन गोष्टींची भर घालतो.

पीसीएसके९ चा आकडा आणखी एका तुलनेसाठी लक्षात ठेवण्यासारखा आहे. याच प्रथिनाला अडवणाऱ्या इंजेक्शनची २७,५६४ रुग्णांवरची ट्रायल २०१७ मध्ये आली. एलडीएल ५९ टक्क्यांनी उतरलं. हृदयविकाराच्या घटना मात्र सुमारे १५ टक्क्यांनीच घटल्या, ११.३ वरून ९.८ टक्क्यांवर. जनुकवाल्यांना निम्म्याहून कमी उतारावर ८८ टक्के फायदा, इथे दुपटीहून जास्त उतार असूनही १५! फरक काळाचा. ते लोक जन्मापासून कमी एलडीएल घेऊन जगत होते. ट्रायलमधल्या लोकांच्या धमन्यांत थर आधीच साचलेले होते आणि त्यांना सरासरी २.२ वर्षंच मिळाली. धोका वर्षानुवर्षं साचत जातो, आजच्या रिपोर्टातला आकडा त्यातला एका दिवसाचा.

दुसरी गोष्ट मी विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगतो. कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट नावाच्या जुन्या ट्रायलमध्ये क्लोफायब्रेट या औषधाची परीक्षा होती. औषध नेमाने घेणाऱ्यांत पाच वर्षांत १५ टक्के मृत्यू, टाळाटाळ करणाऱ्यांत २४.६ टक्के. औषध प्रभावी, असंच वाटेल ना? मग प्लासिबोच्या गटात तीच विभागणी केली. नेमाने प्लासिबो घेणाऱ्यांत १५.१ टक्के, टाळणाऱ्यांत २८.२ टक्के. म्हणजे औषधच नसलेली गोळी नेमाने घेणाऱ्यांतही मृत्यू जवळजवळ निम्मे! १९८० मध्ये हे प्रसिद्ध झालं. नेमाने गोळी घेणारा माणूस इतर शंभर बाबतींतही वेगळा असतो, आणि आपल्याला माहीत असलेले सगळे फरक गणितात धरूनही त्या शोधकर्त्यांना ही दरी बुजवता आली नव्हती. 'अमुक घेणाऱ्यांना तमुक रोग कमी' अशी बातमी आली की मला हे दोन आकडे आठवतात.

अबोली

गणिती, तुमचा शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. रजोनिवृत्तीनंतरच्या हार्मोन गोळ्यांचं असंच झालं होतं का? माझ्या आईला त्या सुरू होत्या. 'हाडांना चांगल्या, हृदयालाही चांगल्या' असं सांगितलं होतं, आणि मग एके दिवशी अचानक बंद करायला सांगितल्या. तिने कारण विचारलं तर 'आता देत नाहीत' एवढंच उत्तर मिळालं. ती कितीतरी दिवस घाबरलेली होती.

निदान

अबोली, आईंना कारण कळायला हवं होतं. ते मी थोडक्यात सांगते.

हार्मोन घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार बराच कमी, असं मोठ्या निरीक्षणात्मक अभ्यासांत दिसत होतं. पण या गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया बहुधा जास्त शिकलेल्या, तब्येतीची काळजी घेणाऱ्या आणि डॉक्टरकडे वेळेवर जाणाऱ्या होत्या. मग विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हच्या ट्रायलमध्ये १६,६०८ स्त्रियांचे सोडतीने दोन गट केले. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची एकत्र गोळी देणारा तो भाग जुलै २००२ मध्ये थांबला. १०,००० स्त्रियांना वर्षभर गोळी दिली तर हृदयविकाराच्या ७ आणि पक्षाघाताच्या ८ घटना जास्त, फुप्फुसात गुठळ्या ८ जास्त, स्तनाचे कर्करोग ८ जास्त. खुब्याची हाडं मोडणं ५ ने कमी, मोठ्या आतड्याचे कर्करोग ६ ने कमी.

हे आकडे सावकाश वाचा. हृदयाचं रक्षण करण्यासाठी गोळी द्यावी, हा दावा त्यांनी पार मोडला. पण एकट्या स्त्रीचा धोका दहा हजारांत काही अंकांनीच हलत होता. बातम्यांत 'स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढतो' असं आलं आणि घराघरांत भीती पसरली. दोन्ही वाक्यं एकाच ट्रायलमधली. शिवाय त्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं. पन्नाशीत त्रासदायक लक्षणांसाठी थोडी वर्षं घेणाऱ्या स्त्रीचा प्रश्न वेगळा असतो आणि तो तिच्या डॉक्टरने तिच्याशी बोलूनच सोडवावा लागतो. तुमच्या आईंनी गोळ्या घेतल्या त्या काळच्या पुराव्यावर विसंबून घेतल्या, यात त्यांची काहीही चूक नाही.

सांजवेळ

मला मधुमेह होऊन ११ वर्षं झाली. तीन महिन्यांनी एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) करायचं आणि आकडा बघून आनंदी किंवा दुःखी व्हायचं, असं आयुष्य आहे. हा धागा वाचून पोटात गोळा आला. साखरेचा आकडाही असाच फसवा आहे का? मी उगाच जिवाचं रान करतेय का?

निदान

सांजवेळताई, नाही, उगाच नाही. हे स्पष्ट सांगते, आणि मग त्यातली गुंतागुंत.

युकेपीडीएस या ब्रिटिश अभ्यासात नव्याने निदान झालेल्या टाइप २ मधुमेहींची साखर कसून आटोक्यात ठेवली, तेव्हा डोळे, मूत्रपिंड अशा बारीक रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी घटले. हा निकाल १९९८ चा. पुढे दहा वर्षं त्याच लोकांकडे लक्ष ठेवलं. दोन गटांच्या एचबीए१सीतला फरक वर्षभरातच मिटला होता, तरी सुरुवातीला इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया प्रकारच्या गोळ्यांनी साखर सांभाळलेल्यांत हार्ट अटॅक १५ टक्क्यांनी आणि मृत्यू १३ टक्क्यांनी कमी राहिले. सुरुवातीच्या वर्षांची मेहनत शरीर जमा धरतं.

आता दुसरी बाजू. ॲकॉर्ड ट्रायलमध्ये १०,२५१ जण होते. बहुतेकांना मधुमेह होऊन बरीच वर्षं झालेली, आणि हृदयविकार झालेला किंवा त्याचा धोका मोठा. एका गटात एचबीए१सी ६ च्या खाली आणायचं ध्येय, दुसऱ्यात ७ ते ७.९. फेब्रुवारी २००८ मध्ये कडक गटाची ती पद्धत थांबवली, कारण त्यात २५७ मृत्यू झाले होते आणि दुसऱ्यात २०३. साखर फार उतरण्याचे गंभीर प्रसंगही कडक गटात जास्त. म्हणून आता वय, आजाराची वर्षं आणि सोबतचे आजार पाहून प्रत्येकाचं ध्येय वेगळं ठरवतात.

आणि तिसरी बाजू मला फार आशेची वाटते. एम्पाग्लिफ्लोझिन या औषधाच्या २०१५ च्या ट्रायलमध्ये साखरेचा आकडा थोडाच हलला, पण हृदयविकाराने होणारे मृत्यू ५.९ वरून ३.७ टक्क्यांवर आले. हार्ट फेल्युअरसाठी भरती होण्याचं प्रमाणही घटलं. पुढे याच वर्गातलं डापाग्लिफ्लोझिन मधुमेह नसलेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांनाही उपयोगी ठरलं. आकडा जेमतेम हलला आणि माणसं वाचली! पुढच्या भेटीत डॉक्टरांना 'माझा आकडा किती हवा' यासोबत 'माझ्या हृदयासाठी आणि मूत्रपिंडांसाठी यातलं कोणतं औषध काम करतंय' हेही विचारा.

सांजवेळ

विचारते. मनापासून आभार, ताई. इतकी वर्षं कोणी असं समजावून सांगितलं नव्हतं.

रात्रपाळी

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. कोविडच्या दिवसांत एकाच औषधाचे दोन चेहरे बघितले, ते सांगावंसं वाटलं. डेक्सामेथासोनची रिकव्हरी ट्रायल २०२० मध्ये आली. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आले. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांच्यात मात्र फायदा दिसला नाही. मृत्यू १४ ऐवजी १७.८ टक्के होते. आजार तोच, विषाणू तोच. पण सुरुवातीला लढाई विषाणूशी असते आणि पुढे शरीराचा स्वतःचाच दाह फुप्फुसं जाळू लागतो. दाह दाबणारं औषध दाह हा शत्रू झालेला असेल तेव्हाच द्यायचं. आमच्याकडे नातेवाईक 'आधीच द्या ना, वाट कशाला बघता' म्हणून रडत विनवायचे. त्यांना हे समजावणं हे त्या काळातलं माझं सर्वांत अवघड काम होतं.

निदान

रात्रपाळी, तुमच्या अनुभवाला वंदन. रोगाची यंत्रणा कळणं का महत्त्वाचं, याला याहून नेमकं उदाहरण नाही.

चौकस

एक वेगळाच प्रश्न. कास्टच्या वेळी 'औषध अपाय करेल' ही शक्यता कोणीच धरली नव्हती?

गणिती

जवळजवळ नाहीच. मूळ आराखड्यातली संख्याशास्त्रीय चाचणी एकाच बाजूची होती. औषध फायदा करतं की नाही, एवढंच विचारलं होतं. पण आकड्यांवर नजर ठेवणारी स्वतंत्र समिती होती आणि तिने वेळेत हात वर केला. आज मी अशा समित्यांवर काम करतो तेव्हा फायदा आणि अपाय अशा दोन्ही बाजूंना ट्रायल कुठे थांबवायची त्या रेषा आधी आखून घेतो.

वाटसरू

बरेच दिवस वाचनमात्र होतो, पण आज लिहावंसं वाटलं. माझ्या वडिलांना १९८७ साली अटॅक आला. त्यातून सावरले. ठोके अनियमित होते म्हणून एक गोळी सुरू केली होती. नाव मला आठवत नाही, मी लहान होतो. चार महिन्यांनी झोपेतच गेले. आई आजही म्हणते, गोळ्या तर वेळच्या वेळी देत होते मी. निदान, तुमचा लेख वाचल्यापासून एकच प्रश्न डोक्यात आहे. ती गोळीच असेल का?

निदान

वाटसरू, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

याचं उत्तर मला देता येत नाही, आणि कोणालाच देता येणार नाही. गोळी कोणती होती हे माहीत नाही. ती यांपैकीच होती असं धरलं, तरी कास्टमध्ये प्लासिबो घेणारे २६ जणही गेलेच की. औषध घेणाऱ्या ६३ जणांमधले कोणते औषधामुळे गेले आणि कोणते एरवीही गेले असते, हे त्या ट्रायलचे संशोधकही एकेकाकडे बोट दाखवून सांगू शकले नाहीत. दोन गट शेजारी ठेवले तेव्हाच फरक दिसला. एका घरात, एका पलंगाशी बसून तो दिसणं शक्य नव्हतं. तुमच्या आईला नाही, औषध लिहिणाऱ्या डॉक्टरला नाही. १९८७ मध्ये ती ट्रायल पूर्ण व्हायची होती.

आईंनी वेळच्या वेळी गोळ्या दिल्या, ते बरोबर केलं. त्या वेळी कोणीही तेच केलं असतं, मीही. त्यांना हे सांगाल का?

वाटसरू

आज रात्री सांगतो.